विजेवाल्याची बायको

कोपऱ्यावरून वळताना लव्हिनाला आधी नुसता आवाज ऐकू आला. ‘बाई, पश्चिमेकडून ढग येताहेत. एवढं मोठं घर, त्यात एकट्या तुम्ही, आणि छपरावर साधी सळी नाही?’ आवाज बारीक होता, लहान मुलाचा होता. पण तो असा हळू, समजावणीचा, समोरच्याच्या काळजीनं जीव अर्धा झाल्यासारखा होता, की तिच्या हातातली टोप्यांची खोकी घसरली. ती छातीशी घट्ट धरून तिनं भिंतीला पाठ लावली. मग तिला नेटी दिसली. घरमालकीण केसलरबाईंच्या पायऱ्यांसमोर, डोक्यावर कुणाची तरी मोठी टोपी, हातात केरसुणीचा दांडा. पायरीवर शेजारची एक मुलगी विधवा होऊन बसली होती आणि बाकीची पोरं वाट बघत उभी होती. विधवा म्हणाली, ‘या ना आत, कॉफी घ्या.’ नेटी टोपी काढून वाकली. पोरांनी कपडे धुवायचं पत्र्याचं घंगाळ बडवलं, गडगडाट झाला, विधवा पायरीवरून खाली लोळली आणि सगळी ओरडली, ‘विजेवाला! विजेवाला!’ नेटी ओरडली नाही. ती लोळलेल्या मुलीकडे मान तिरकी करून बघत होती. मान तिरकी. हे नेटीला कुणी शिकवलं नव्हतं. ‘आई!’ नेटीनं तिला पाहिलं आणि धावत आली. ‘आज मला विजेवाला केलं! बाकीचे नुसते ओरडतात गं. मी गोड बोलते म्हणून मलाच सारखं घेणार आहेत.’ लव्हिना म्हणाली, ‘घरात चल.’ ‘का? सगळेच खेळतात.’ रस्त्यावर नेहमीसारखा कोळशाचा धूर उतरला होता. नव्या गवती टोपीवर काजळीचा ठिपका पडलाय का, हे लव्हिना पुन्हा पुन्हा बघत राहिली. मुलीच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं म्हणून.

ऑरिन टास्करला फाशी होऊन दहा वर्षं होत आली होती, आणि या दहा वर्षांत तो वाढत गेला होता. जिवंतपणी तो बुटका होता. इलिनॉयच्या माळावर गाडी हाकत घरोघर वीज उतरवायच्या तांब्याच्या सळ्या विकायचा. नखं स्वच्छ ठेवायचा, समोरच्याकडे मान तिरकी करून बघायचा, स्वतःच्याच विनोदाला आधी हसायचा, आणि बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून झोपून जायचा. गाण्यांत तो सहा फुटांचा झाला. त्याचे डोळे अंधारात चमकायला लागले. वीज कडाडली की त्या उजेडात तो सळी उगारायचा म्हणे. कोर्टात पाच बायकांचे खून शाबीत झाले होते. नदीवरच्या बोटींत, दारूच्या गुत्त्यांत, पोरांच्या खेळात त्या चाळीस झाल्या. तो फासाच्या दोरीखाली खदखदून हसला, असंही लोक सांगत. फौजदाराच्या बायकोनं लव्हिनाला सांगितलं होतं ते वेगळं होतं. त्याचे गुडघेच गेले होते आणि दोन माणसांनी त्याला काखेत धरून उभं केलं होतं. सळीनं तर त्यानं कुणालाच मारलं नाही. एकट्या, थोडं घरदार असलेल्या बायांना तो लग्नाचं वचन द्यायचा, चीजवस्तू विकायला लावायचा, आणि एका संध्याकाळी कॉफीत अफूचं औषध घालायचा. गडगडाट झाला की तो स्वतः पिसांच्या गादीखाली डोकं खुपसायचा आणि लव्हिनाला म्हणायचा, ‘विनी, पाठीवर हात ठेव.’ ती ठेवायची. तो हात तिला अजून आठवायचा. थरथरणारी गरम पाठ आणि तिचा हात. त्या आठवणीत तिला किळस यायला हवी होती. ती कधीकधी यायची, कधीकधी नाही यायची. नाही यायची त्या दिवशी ती नेटीशी उगाच फार मायेनं वागायची.

दंतकथेत तिलाही जागा होती, हे सगळ्यात वाईट. गाण्यातली विजेवाल्याची बायको पावसातून घोडा फेकत फौजदाराकडे जाते आणि नवऱ्याच्या पापाला वाचा फोडते. लव्हिना कुठल्याच घोड्यावर बसली नव्हती. फौजदारच तिच्या दाराशी आला होता, तेव्हा ती चुलीतली राख काढत होती. त्यानंतर तिनं आईकडचं हार्लन नाव घेतलं, नदी ओलांडून सेंट लुईसला आली, इथं टोप्यांवर फिती आणि पिसं शिवायचं काम धरलं. नेटीला सांगितलं, तुझा बाप बोटीवरून पडून बुडाला. नेटीला हे पुरत असे. मुलांना बापाच्या मरणाचं एक वाक्य पुरतं, फक्त ते नेहमी तेच असावं लागतं.

शुक्रवारी जेवताना केसलरबाईंनी आंबवलेल्या कोबीचं भांडं पुढं सरकवलं आणि ताट वाजवल्यासारखं जाहीर केलं, ‘हार्लनबाई, रविवारी काही बेत करू नका. मी तुम्हा दोघींना मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियमात नेणार. विजेवाला आलाय! आणि त्यानं मारलेल्या मास्तरीणबाईची सख्खी बहीण तिथं उभी राहून सगळं सांगते म्हणे. माझी भाची दोन रुमाल भिजवून आली.’ लव्हिना म्हणाली, ‘नेटी लहान आहे.’ ‘लहान कसली? रस्त्यावर रोज माझ्या पायऱ्यांवर खून पाडते!’ केसलरबाई गदागदा हसल्या. नेटीनं आईचा हात धरला, ‘चल ना गं.’ नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. दहा वर्षं लव्हिना ‘का’ पासून पळत होती. ती म्हणाली, ‘जाऊ या.’ सख्खी बहीण. मास्तरीणबाईची. तिनं ताटातला कोबी काट्यानं कडेला लोटला.

मेणाचा ऑरिन उंच होता. त्याला काळी मिशी लावली होती आणि काचेचे डोळे बसवले होते. हात तर कुणा हमालाचे वाटत होते. त्याच्या पायाशी मेणाची बायको गुडघे टेकून, हात जोडून रडत होती. ती तरुण होती आणि फार सुंदर होती. लव्हिनाला वेड्यासारखं वाटलं, पुढं होऊन सांगावं, अहो, हे हात नाहीत. इतके मोठे नव्हते हो. नेटी पुतळ्याकडे टक लावून बघत होती आणि लव्हिना नेटीकडे. तेवढ्यात पडद्याआडून एक म्हातारी होत आलेली बाई आली. हाडापेरानं थोराड, काळ्या कपड्यांत, सुजलेल्या पायांवर जपून चालणारी. ऑगस्टा मेबरी. तिनं रोज सांगून गुळगुळीत झालेल्या आवाजात सुरुवात केली. धाकटी बहीण डेल्फीन गावच्या शाळेत शिकवायची, वय उलटून चाललं तेव्हा हा भेटला, तिनं घर विकलं, त्याला गाठायला निघाली ती परत आलीच नाही. लोक नाक ओढत होते. मग ऑगस्टा मेणाच्या बायकोकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खरा झाला. ‘या बिचारीवर माझा राग नाही. हिलाही त्यानं फसवलंच. मी रोज एकच म्हणते, माझी डेल्फीन एकदा, एकदाच हिच्या दाराशी जायला हवी होती. एका बाईनं दुसऱ्या बाईला पाहिलं असतं, तर माझी बहीण आज जिवंत असती.’ केसलरबाईंनी मोठ्यानं हुंदका दिला. लव्हिनाला समोरचं सगळं, मेण, लोक, दिवे, पाण्याखालून दिसल्यासारखं दिसायला लागलं.

कारण डेल्फीन दाराशी आली होती. ऑक्टोबरातली दुपार होती, माळावरचं गवत पिवळं पडलं होतं. लव्हिना परातीत पावाचं पीठ मळत होती. भाड्याच्या गाडीतून करड्या हातमोज्यांची एक बाई उतरली. तिचे दात थोडे मोठे होते, म्हणून ती तोंडावर हात ठेवून हसायची. ‘तुम्ही ऑरिनची बहीण ना? त्यानं सांगितलं होतं, घरी बहीण असते. मी त्याला चकित करायला आलेय!’ ऑरिननं लव्हिनाला बजावून ठेवलं होतं, कोणी बाई विचारत आली तर बहीण आहे म्हण. लग्न झालेल्या माणसाकडून बायका सळ्या घेत नाहीत, धंद्याची गोष्ट आहे. तिनं ते मानलं होतं. म्हणजे मानायचं ठरवलं होतं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यानं तिला चांदीच्या मुठीचा केसांचा ब्रश आणून दिला होता. त्यात लांब पांढरे केस अडकलेले होते. तिनं ते एकेक ओढून चुलीत टाकले, जळक्या केसांचा वास दिवसभर घरातून गेला नाही, आणि रात्री तिनं त्याच ब्रशानं आपले केस विंचरले. जुन्या बाजारातून आणला असेल. तिनं त्याला विचारलंच नाही, तेव्हा त्याला खोटं बोलावंही लागलं नाही. आणि आता दारात ही बाई उभी होती. लव्हिनाला पाचवा महिना होता. तिनं पिठाची परात उचलली आणि पोटाशी धरली. पोट दिसू नये म्हणून. ‘हो,’ ती म्हणाली, ‘मी बहीण.’ मग तिच्याकडे पाठ करून कॉफी केली, ताजा पाव कापला, त्यावर सफरचंदाचा मुरंबा लावला. बसली तेव्हा परात पुन्हा मांडीवर घेतली आणि तिथून हलवली नाही. डेल्फीन बोलत होती, हसत होती. जाताना तिनं लव्हिनाच्या गालाचा मुका घेतला, ‘आता आपण बहिणी हं.’ तो कुठं भेटेल विचारलं, तेव्हा लव्हिनानं दारापुढच्या ओट्यावर उभं राहून पीठ लागलेल्या हातानं रस्ता दाखवला. तो हात तिनं उचलला तेव्हा तिला माहीत होतं का? या प्रश्नाशी ती दहा वर्षं रोज झोपत होती, रोज उठत होती. माहीत होतं असं नव्हतं. माहीत नव्हतं असंही नव्हतं. पोटातल्या पोराला बाप हवा होता, घराला लाकूडफाटा हवा होता, आणि त्या बाईचे करडे हातमोजे फार सुरेख होते. हे तिसरं कारण तिला सगळ्यात जास्त छळायचं, कारण ते कारणच नव्हतं. कोर्टात वकिलानं विचारलं, ‘यातली कोणी तुमच्या घरी कधी आली होती?’ ती म्हणाली, ‘नाही.’ न्यायाधीशांनी तिला पाणी द्यायला सांगितलं होतं.

सोमवारी टोप्या पोचवून ती परत घरी गेली नाही. म्युझियमच्या मागच्या दारातून आत गेली तेव्हा दुपारचा खेळ संपला होता आणि ऑगस्टा मेबरी घमेल्यातल्या गरम पाण्यात पाय सोडून पाव आणि लोणचं खात होती. ‘दुपारचे खेळ संपले, बाई. सही केलेला फोटो हवा असेल तर बाहेरचा माणूस देतो.’ लव्हिना म्हणाली, ‘मी टास्करची बायको.’ ऑगस्टानं चावता चावता तिच्याकडे पाहिलं. ‘महिन्याला एक तरी येते अशी. कोणी बायको, कोणी मुलगी. मागच्या खेपेला एक त्याची आई आली होती, माझ्याहून लहान.’ लव्हिनाला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. ती उभ्यानंच म्हणाली, ‘तुमची बहीण हसताना तोंडावर हात ठेवायची.’ ऑगस्टाचा हात थांबला. ‘आमच्या घरी आली होती ती. मी तिला कॉफी दिली. मी त्याची बहीण आहे असं सांगितलं. तो कुठं आहे ते मीच दाखवलं.’ बोलून झालं. एवढंच होतं ते. दहा वर्षं छातीवर बसलेली गोष्ट चार वाक्यांत संपली आणि तिला भलतीच लाज वाटली, की ही इतकी लहान कशी.

ऑगस्टा ओरडेल, घमेलं फेकेल, माणसांना बोलावेल असं लव्हिनाला वाटलं होतं. ऑगस्टानं पाव खाली ठेवला, बोटं फडक्याला पुसली. ‘काय खाल्लं तिनं?’ ‘पाव. सफरचंदाचा मुरंबा.’ ‘दालचिनी होती त्यात?’ ‘होती.’ ‘तिला आवडायची.’ तिनं पाण्यातले पाय एकमेकांवर घासले. ‘रडत होती का? घाबरली होती?’ ‘नाही हो. खुशीत होती. फार खुशीत होती. मला म्हणाली, आता आपण बहिणी.’ ऑगस्टाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि बंद झालं. ‘बहिणी,’ ती म्हणाली. मग तिचं ‘तुम्ही’ गळून पडलं. ‘दहा वर्षं मी तुझी कीव करत उभी आहे. दिवसातून चारदा. या पायांवर.’ लव्हिना म्हणाली, ‘तुम्ही सगळ्यांना सांगा. नाव घेऊन सांगा. मी नाही म्हणणार नाही.’ ‘मूल होतं ना पोटात? पेपरात आलं होतं. जगलं?’ ‘मुलगी. नऊ वर्षांची आहे.’ ‘तिला ठाऊक आहे?’ ‘नाही.’ ऑगस्टानं पाय पाण्यातून काढले, एकेक बोट पुसलं. ‘रविवारी तिला घेऊन ये. पहिल्या बाकावर बस.’

त्या आठवड्यात लव्हिनानं एकही टोपी धड शिवली नाही. पळून जायचं तिच्या मनात आलं. नदीवर बोटी होत्या, आणि नाव बदलण्याची तिला सवय होती. पण नेटीचे कपडे काढून पलंगावर मांडले आणि तिला दिसलं, मुलगी इतकी वाढली होती की मागच्या वर्षीचं काहीच अंगाला होणार नव्हतं. तिनं ते परत घड्या करून ठेवले. रविवारी तिनं नेटीची वेणी इतकी घट्ट घातली की ती कळवळली. ट्रामच्या घोड्यांच्या टापांबरोबर लव्हिनाच्या मनात एकच गोष्ट चालू होती. आज लोक वळून बघतील. आज कुणीतरी थुंकेल. नेटी माझ्याकडे बघेल आणि मग बघणार नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी, हे तिला कबूल करावं लागलं, एक सुटकेची ऊब होती, ताप उतरताना घाम येतो तशी.

ऑगस्टा आली, तिनं पहिल्या बाकाकडे पाहिलं. आईकडे, मग मुलीकडे. मुलीकडे जास्त वेळ. नेटीनं नेमकी तेव्हाच मान तिरकी केली. ऑगस्टाचे ओठ पांढरे पडले. डेल्फीनकडे यायचा तेव्हा तोही अशीच मान करायचा. मग तिनं सुरू केलं, तीच शाळा, तेच घर, तोच गुळगुळीत आवाज. मेणाच्या बायकोपाशी ती थांबली. लव्हिनानं बाकाची कड धरली. ‘या बिचारीवर माझा राग नाही,’ ऑगस्टा म्हणाली, सरळ लव्हिनाच्या डोळ्यांत बघत. ‘माझी डेल्फीन हिच्या दाराशी गेली असती ना, तर या बाईनं तिला आत घेतलं असतं. कॉफी दिली असती. दालचिनी घातलेला मुरंबा लावून ताजा पाव दिला असता. आणि म्हणाली असती, पोरी, मागं फिर, मी त्याची बायको आहे. कारण ही चांगली बाई होती. आज ती जिथं असेल तिथं देव तिला सुखी ठेवो.’ ‘आमेन,’ मागून कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळं दालन म्हणालं, आमेन. बायका रडत होत्या, एक पुरुष रुमालात नाक शिंकरत होता. लव्हिना बसून राहिली. तिच्या लक्षात आलं, ही मला सोडणार नाही. ही मला शिक्षा होऊ देणार नाही. दिवसातून चारदा, पाय सुजेपर्यंत, ही मला क्षमा करत राहणार.

बाहेर ऊन होतं. नदीकडून बोटीचा भोंगा आला. नेटीचे डोळे लाल झाले होते. ती आईचा हात धरून, बुटाच्या टोकानं खडा ढकलत चालत होती. ‘आई, ती बाई माझ्याकडेच का बघत होती?’ ‘माहीत नाही.’ ‘तिला मी आवडले असेन.’ थोडं पुढं गेल्यावर नेटी म्हणाली, ‘ती बहीण खरंच तिच्या दाराशी गेली असती, तर बायकोनं तिला सांगितलं असतं ना गं?’ ट्राम समोर येऊन उभी राहिली होती. लोक चढत होते. लव्हिना जागची हलली नाही. हाताच्या तळव्यात मुलीची बोटं घामेजली होती, बारीक, गरम.

‘नाही सांगितलं,’ ती म्हणाली.

नेटी हसली. ‘असं नाही म्हणायचं, आई. नसतं सांगितलं, असं म्हणायचं.’

‘नाही, नेटी,’ लव्हिना म्हणाली. ‘नाही सांगितलं.’

ट्राम सुटली. नेटीनं पायाखालचा खडा सोडून दिला आणि मान वर करून आईच्या तोंडाकडे बघितलं. लव्हिनानं या वेळी नजर वळवली नाही.